तुझ्या अंगठ्याला लागलेली गाठ

हरेश,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले, सतरंज्या परत गेल्या आणि आज रविवार उजाडला. सकाळी इन्शुलिनच्या पेनला नवीन सुई लावली, कुर्ता वर केला आणि तशीच बसून राहिले. पोटावर कुठे टोचायचं तेच कळेना. तेराव्या वर्षापासून, म्हणजे चाळीस वर्षं स्वतःला टोचून घेणारी बाई मी, आणि सुई हातात धरून बावळटासारखी बसले होते. कारण रविवारी जागा तू दाखवायचास. मधला रविवार पाहुण्यांच्या गर्दीत कसा गेला ते कळलंच नाही.

तू कसा गेलास, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, हे इतक्या जणांना सांगून झालंय की आता ते मला दुसऱ्याच कुणाचं वाटतं. ते इथे लिहीत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. हे तुझ्या स्वभावाला धरून नाही. तू कधी ताटातलं काट्याला चिकटलेलं मासळीचं कणभरसुद्धा सोडलं नाहीस.

आपली पहिली भेट तू सगळ्यांना रंगवून सांगायचास. खरी गोष्ट एवढीच. आम्ही रत्नागिरीकडचे, बाबांची नोकरी मुंबईत, माणिकपूरला नवीन राहायला आलेलो. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जेटीवर ताजी मासळी मिळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एका रविवारी सकाळी मी एकटीच पोचले. इन्शुलिन घेतलं होतं आणि नाश्ता राहिला होता. लिलाव चालू, बायकांचा गलका, आणि माझे हात कापायला लागले. घामाने भिजले. समोरची पापलेटं दोन-दोन दिसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "प्यालीय वाटतं." तुझी आई टोपली सोडून उठली, मला धरून खोक्यावर बसवलं आणि ओरडली, "कोन हाय गो ही? पानी आना कोनीतरी!"

तू मागून आलास, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंस. "पानी नको आये, साखर आन. हिची साखर पडलीय." मग माझ्याकडे वळून, अगदी शुद्ध भाषेत, "घाबरू नका. माझ्या उंदरांचंही असंच होतं."

पहिल्या भेटीत बाईला उंदीर म्हणणाऱ्या माणसाशी मी लग्न केलं, याचं बाबांना शेवटपर्यंत नवल वाटत होतं. सुईवाल्या मुलीला कोण पत्करणार ही काळजी त्यांना होतीच, पण पत्करणारा पाचूबंदरचा निघेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आयेला मात्र एकच प्रश्न पडला होता.

"रोज टोचते? पोटान?"

"हो."

"दुखत नाय?"

"सवय झालीय."

"सवय झाली म्हनजे दुखते," ती म्हणाली आणि माशाच्या अंड्यांची सगळ्यांत मोठी गाभोळी माझ्या ताटात वाढली.

उंदीर म्हणजे तुझी नोकरी. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत प्राणी ठेवायच्या विभागात तू लागलास आणि तिथलाच झालास. पिंजरे साफ करायचे, खाणं-पाणी, वजन, शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून साखर बघायची, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक उंदीर हातात घेऊन चाचपायचा. साहेब लोक आलेख बघतात, उंदीर मी बघतो, असं तू म्हणायचास. त्यात कुरकुर नव्हती. उलट थोडी ऐट होती.

आणि ऐट का नसावी? तुझा अंगठा जेटीवर तयार झाला होता. बांगडा असो की रावस, पोटाखालून एकदा अंगठा फिरवलास की आत गाभोळी आहे की नाही ते तू न चिरता सांगायचास. लहानपणापासून आयेच्या टोपलीवर तुझा हाच उद्योग, आणि "दाबून दाबून मऊ करशील मेल्या" म्हणून ती हातावर फटके मारायची. तुझा अंगठा दाबत नव्हता, नुसता सरकायचा. डोळे मिटलेले असायचे. मी विचारलं होतं, डोळे कशाला मिटतोस? तू म्हणालास, "उघडे असले की मी बघत बसतो. मग बोटं आळशी होतात."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तू मॅडमसमोर जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "नरांच्या पिंजऱ्यात एकीला गाभोळी आहे." मॅडम म्हणजे तुझ्या विभागाच्या मुख्य संशोधक, तेव्हा त्याही नव्याच होत्या. सगळे हसले. उंदराला गाभोळी! पण खरंच एक मादी चुकून नरांत ठेवली गेली होती आणि तिला दिवस गेले होते. तेव्हापासून मॅडम उंदरांच्या प्रत्येक नव्या खेपेच्या आधी विचारायच्या, "हरेश्वर, कुणाला गाभोळी नाही ना?" ही गोष्ट तू पाहुण्यांना सांगायचास तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जायचे. आज कुणी ती परत सांगितली तर मी पहिल्या ओळीपासून ऐकेन.

लग्नानंतर तुझा तो अंगठा माझ्या पोटावर आला. हे बाहेरच्या माणसाला वाचायला कसंतरी वाटेल, वाटू दे. माझी साखर उगाच वरखाली व्हायची, डॉक्टर औषधाचं प्रमाण वाढवायचे. एका रविवारी जेटीवरून आलास, साबणाने दोनदा हात धुतलेस, तरी बोंबलाचा वास होताच, आणि म्हणालास, "झोप जरा." डोळे मिटून चाचपलंस. "इथे गाठ आहे. इथेही. तू सारखी एकाच जागी टोचतेस." खरंच होतं. त्या जागी दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. तिथे कातडीखाली चरबी धरलेली असते आणि दिलेलं औषध धड रक्तात पोचत नाही. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरने माझं पोट हाताने बघितलं नव्हतं. तू दुकानातून एक वही आणलीस. दर रविवारी त्यात लिहायचास, उजवीकडे मऊ, डावीकडे नाभीखाली कडक, तिथे महिनाभर नको. नवरे बायकोला गजरे आणतात म्हणे. माझा नवरा माझ्या पोटाची नोंद ठेवायचा. मला गजऱ्याची आठवण कधी झाली नाही.

मग ते औषध आलं.

तू ते मला आपल्या पद्धतीने समजावलं होतंस. इन्शुलिन करणाऱ्या पेशी स्वादुपिंडात असतात. लहानपणी त्या वाढतात, एकीच्या दोन होतात. मोठेपणी ते जवळजवळ बंदच पडतं. माझ्यासारख्यांत शरीर स्वतःच त्या पेशी मारून टाकतं, आणि ज्या काही चुकूनमाकून उरतात त्या वाढत नाहीत. मॅडमच्या हातात असं एक औषध होतं जे या पेशींना परत वाढायला लावत होतं. मधुमेही उंदरांची साखर उतरत होती. तू स्वतः मोजत होतास. घरी येऊन पायातली चप्पल काढायच्या आधी सांगायचास, "आज अमुक पिंजऱ्यातला एकदम नॉर्मल!" जणू कुणाचा तरी मुलगा पास झालाय.

घरात आपण दोघंच. त्यामुळे त्या उंदरांचं कौतुक आपल्याकडे जरा जास्तच झालं. मी मनात काय काय योजलं होतं ते तुलाही सांगितलं नव्हतं. मला मिठाई नको होती, आंबे नको होते. भूक लागली की आकडा न बघता जेवायला बसायचं, एवढंच मला हवं होतं. मॅडमना एका कार्यक्रमात भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "नीलाताई, एवढ्यात आशा धरू नका. नव्या पेशी उगवल्या तरी तुमचं शरीर त्यांनाही मारायला धावेल, त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल. आणि वाढायला सांगणारं औषध नेमकं त्याच पेशींना सांगेल, दुसऱ्या कुणाला नाही, हे आधी बघायला हवं." मी मान डोलावली. ऐकलं काहीच नाही.

तो बुधवार होता. संध्याकाळी आलास, आधी चप्पल काढलीस. चहा पुढे ठेवला तर निवेपर्यंत बघत बसलास.

"एकाला गाठ लागली," तू म्हणालास. "डावीकडे, बरगडीखाली. मोहरीएवढी."

मी विचारलं, गाभोळी नाही ना? मला वाटलं तू हसशील.

"मला पण आधी तेच वाटलं. वाटलं म्हणजे, वाटावं असं वाटलं. पाटी वाचली. नर आहे. उचलून बघितला. नरच आहे."

तो म्हातारा उंदीर होता, औषध घेऊन बरेच महिने झालेला. ठरलेली तपासणी संपली होती, थोडे उंदीर मागे ठेवले होते, त्यातला एक. प्राण्यांच्या डॉक्टरनी चाचपून बघितलं, त्यांना काही लागलं नाही. चरबी असेल म्हणाले.

"मग चरबीच असेल," मी म्हणाले.

"चरबी मला कळते. रविवारी बघतो ना."

मग तू म्हणालास, "उद्या नोंदवहीत लिहिणार आहे." आणि मी ते वाक्य बोलले, जे आजवर आपल्या दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. मी म्हणाले, "नको लिहूस."

तू वर बघितलंस. मी थांबले नाही. एवढीशी मोहरी, तीही डॉक्टरला न लागलेली. तू लिहिलंस की सगळं थांबेल, आणि माझं वय थांबणार नाही. मला पुढचा कॅन्सर परवडेल, मला सुईशिवाय दहा वर्षं मिळू देत. शरीर माझं, धोका माझा. तू म्हणालास, "तुझं ठीक आहे, तू विचार करून घेशील. पण हे तू एकटी घेणार नाहीस. तेरा वर्षांची पोर घेईल. तिला कोन सांगनार?" चिडलास की तुझ्या तोंडी पाचूबंदर यायचं. मी म्हणाले, "म्हणजे त्या कुठल्या पोरीचा विचार आहे तुला. लिहायच्या आधी माझा एकदा तरी विचार आला का?"

याचं उत्तर तू दिलं नाहीस. कप उचलून मोरीत नेलास आणि विसळलास. हेच आपलं अर्धवट भांडण.

दुसऱ्या दिवशी तू लिहिलंस. उंदीर चिरला तेव्हा गाठ निघाली. मग मागे ठेवलेल्यांपैकी आणखी दोघांत सापडली. औषधामुळे की म्हातारपणामुळे, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकलं नाही, कारण म्हातारे उंदीर तसेही गाठींनी मरतात. पण माणसांकडे जायची तयारी थांबली. नवीन उंदीर आणायचे, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नाही, आणि सगळ्यांना त्यांचं म्हातारपण येईपर्यंत सांभाळून बघायचं, असं ठरलं. निवृत्तीला थोडा काळ उरला असताना हे कशाला ओढवून घेतलंत, असं तुला तोंडावर ऐकवणारेही भेटले. तू घरी येऊन त्यांची नावं सांगितली नाहीस. मला विचारायचं नव्हतं, कारण मीही त्यांच्यातलीच.

अकरा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. जेवण वाढत होते, डबा भरत होते, तोंड बंद. रविवारी तू हात धुऊन खोलीच्या दारात येऊन उभा राहिलास आणि मी पाठ फिरवली. तुला दुखावायचं म्हणून मी मुद्दाम डाव्या बाजूला, त्या कडक जागेवरच टोचत राहिले. दुखावली गेले मीच, साखर अशी चढली की पायऱ्या चढवेनात. पुढच्या रविवारी मी काही न बोलता पलंगावर आडवी झाले. तू काही न बोलता हात धुतलेस. डोळे मिटलेस. "डावीकडे टोचलंस," एवढंच म्हणालास. मी रडले, तू वही काढलीस, आणि तो विषय आपण परत काढला नाही.

काढायला हवा होता. मला तुला सांगायचं होतं की मला तुझा अभिमान वाटतो. इतकी वर्षं सोबत राहून हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. एका बाजूला ज्या बाईचं पोट दर रविवारी हाताखाली घेतोस तिची सगळी आशा, दुसऱ्या बाजूला मोहरीएवढी, तुझ्याशिवाय कुणालाच न लागलेली गाठ. तुझ्या जागी मी असते तर चरबीच म्हणाले असते. आणि तरी, खोटं बोलत नाही, माझं सगळंच चुकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. शरीर माझंच होतं. तू असतास तर यावर पुढे भांडलो असतो.

परवा मॅडम येऊन गेल्या. सोबत जोसलिन होती, तुझ्या हाताखाली शिकलेली, आपल्या इथलीच, पापडीची. ती पोरगी रडत रडत हसत होती. "मामी, मामांनी आम्हाला कसं शिकवलं माहितीये? मांदेली आणायचे डब्यात! टेबलवर ओळीने ठेवायचे आणि म्हणायचे, डोळे मिटा, कुणाला गाभोळी आहे सांगा. पूर्ण लॅबला वास! सगळे वैतागायचे. पण आता मला मोहरीएवढं पण लागतं, खरंच." म्हणजे रविवारी जेटीवरून येताना ती वेगळी पिशवी फ्रीजमध्ये कोपऱ्यात सारायचास, ती यासाठी. मला वाटायचं मांजरीला नेतोस.

मी मॅडमना विचारलं, नव्या उंदरांचं काय?

"अजून बघतोय," त्या म्हणाल्या. "काही बरं दिसतंय, काही कळत नाहीये. घाई करणार नाही." मग म्हणाल्या, "नीलाताई, त्या वेळी मला हरेश्वरांचा इतका राग आला होता, दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी."

"मी अकरा," मी म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तुझ्या फोटोपुढे समई जळत होती आणि आम्हाला हसू आवरेना. हसून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती. आमच्याकडे गाठ लागली की त्याच दिवशी लिहायचा नियम आहे. हरेश्वरांनी तो कधी मोडला नाही. फक्त ती एक नोंद एक दिवस उशिराची आहे. मी विचारलं होतं त्यांना, उशीर का? म्हणाले, आधी घरी सांगायचं होतं."

"उद्या लिहिणार आहे" हे मी तेव्हा ऐकलं होतं आणि उद्याच लिहितात असं धरून चालले होते. लिहायच्या आधी माझा विचार आला का, असं मी तुला विचारलं, तेव्हा तू माझ्यासाठीच आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून समोर बसला होतास. आणि कप विसळत होतास. अरे, बोलायचं ना!

आज सकाळी सुई बाजूला ठेवली आणि कपाटातून तुझी वही काढली. शेवटून मागे मागे पानं उलटत गेले. डावीकडे मऊ. उजवीकडे थोडी कडक. त्या अकरा दिवसांतला पहिला रविवार आला. मला वाटलं ती जागा कोरी असेल. कोरी नव्हती. तुझ्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "रविवार. तपासलं नाही. नीला रागावली आहे."

घरच्या वहीतसुद्धा खरं तेच लिहिलंस.

हात साबणाने दोनदा धुतले. पलंगावर आडवी झाले, डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच लागेना. अंगठा दाबत होता, सरकत नव्हता. आयेने फटका मारला असता. मग हळूहळू सरकायला लागला आणि नाभीच्या खाली, डावीकडे, काहीतरी लागलं. तिथे सोडून उजवीकडे टोचलं. मग तुझंच पेन घेतलं आणि तुझ्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं.

रविवार. डावीकडे नाभीखाली कडक, तिथे महिनाभर नको. मी तपासलं. नीला रागावलेली नाही.